मूळ प्रत

"सर, दोन्हीकडची प्रत जुळली नाही, तर खरी कुणाची धरायची?"

रफीक अत्तार माझ्या लिहिण्याच्या मेजाखाली अर्धा शिरला होता. टेलिफोनची तार संगणकाच्या पाठीमागे खोचून तो बाहेर आला आणि हात झटकून कळफलकापाशी बसला. शाळेत त्याने तीन वर्षे माझ्याकडे संस्कृत घेतले होते. आता मिरजेच्या स्टेशन रस्त्यावर त्याचा संगणकाचा क्लास होता आणि शिकण्याची पाळी माझ्यावर आली होती.

"हा काय प्रश्न झाला? गुरुजींची."

"नेहमी?"

"नेहमी."

"जी प्रत नंतर बदलली ती खरी, असंही करता येतं. बहुतेक लोक तसंच करतात."

"बहुतेक लोकांना गुरू नसतो, रफीक."

तो हसला. "बरं, राहिलं. पण गुरुजींनी एखादा शब्द काढून टाकला, तर तुमच्याकडून काढायच्या आधी मशीन तुम्हाला विचारेल. हो की नाही, एवढंच. ते ठेवतो."

"नको."

"एक बटण दाबायचंय, सर. त्यात काय एवढं?"

"गुरुजींनी काढलेला शब्द काढू का, असं मला विचारणारं यंत्र माझ्या घरात नको."

त्याने एक ओळ लिहिली. त्या ओळीत मला वाचता येण्यासारखी दोनच नावे होती. आधी गुरुजींचे, खांबेटे; मग माझे, तेलंग.

"पहिलं नाव ज्याचं त्याची प्रत खरी," तो म्हणाला. "आता तुम्ही काही करायचं नाही. लाईन लागली की सगळं आपोआप होईल."

हे दोन हजार एक सालच्या वैशाखात घडले. त्या ओळीकडे मी समाधानाने पाहत होतो, हे मला स्पष्ट आठवते.

वेदशास्त्रसंपन्न त्रिविक्रमशास्त्री खांबेटे यांच्याकडे मी वयाच्या सतराव्या वर्षी वाईला अध्ययनासाठी गेलो. पुढे मी मिरजेच्या शाळेत संस्कृताचा अध्यापक झालो, तरी प्रत्येक सुट्टी त्यांच्यासोबत काढीत असे. त्यांनी वनस्पतींचा एक कोश हाती घेतला होता. झाडाचे संस्कृत नाव, गावोगावची मराठी नावे, फुलण्याचा काळ आणि शेवटी ते झाड कसे दिसते याचे एकच वाक्य, अशी प्रत्येक नोंद असे. त्यासाठी आम्ही सव्वीस वर्षे घाट, पठारे आणि नदीकाठ पायी हिंडलो. झाडाखाली बसलेल्या माणसाला नाव विचारायचे, ते चिठ्ठीवर उतरवायचे आणि खाली त्या माणसाचे नाव व गाव लिहायचे. हाच त्या शब्दाचा आधार. ज्याला आधार नाही तो शब्द कोशात नाही, हा त्यांचा दंडक होता.

एकदा कुंभार्ली घाटात ते उन्हाची तिरीप डोळ्यांवर घेत थांबले. समोरच्या उतारावर कुडा फुलला होता. "लिही," ते म्हणाले. "कुटज. कुडा. ज्येष्ठाच्या तोंडाशी फुलतो. सकाळी दुरून पाहता डोंगराने ओले उपरणे वाळत घातल्यासारखा दिसतो."

मी लिहिले, आणि आधार म्हणून खाली त्यांचे नाव घालू लागलो.

"खोड ते."

"गुरुजी, वाक्य आपलं आहे."

"माझ्याच कोशाला माझाच आधार? उद्या लोक म्हणतील, शास्त्रीबुवा स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश. खोड."

मी नाव खोडले. कोशातली कितीतरी वाक्ये अशी, त्यांची आणि म्हणून निनावी राहिली.

गुरुपत्नी गेल्या आणि गुरुजी नागपूरला आपल्या कन्येकडे, मृणालकडे राहायला गेले. शहात्तराव्या वर्षी ते दोन बोटांनी टंकलेखन शिकले. आम्ही दोघांनी मिळून सर्व चिठ्ठ्या संगणकावर उतरवल्या. ते काम पुरे झाल्यावर त्यांच्या आज्ञेवरून मी चिठ्ठ्यांची सात गाठोडी मिरजेच्या कृष्णाघाटावर विसर्जित केली. एका ग्रंथाच्या दोन प्रती दोन तोंडांनी बोलू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. नोंदी चार हजार एकशे बारा भरल्या. पुण्याच्या एका मुद्रकाने माघातल्या पंचमीपर्यंत अंतिम प्रत मागितली होती.

रफीकने लावून दिलेली व्यवस्था अशी होती. पहाटे पाचला नागपूरचे यंत्र स्वतःच टेलिफोन जोडी आणि गुरुजींची प्रत इंटरनेटवर ठेवी. साडेपाचला माझे यंत्र तार जोडी, ती प्रत उतरवून घेई, जुनीच्या जागी बसवी, मी सुचवलेली नवी भर गुरुजींकडे रवाना करी आणि तार सोडी. मी फक्त संध्या आटोपून समोर बसायचे. तार जुळताना यंत्रातून मोठी घरघर होत असे. गुरुजींना तिची फार मौज वाटे.

"वामना, ऐकलंस का?" ते दूरध्वनीवर म्हणत. "आधी आचमन करतं बघ. घशात खळखळ, मग नाकातून हुंकार, आणि मग कुठे संकल्प. तुझ्यापेक्षा शुद्ध आहे."

"माझं आचमन काय चुकलं, गुरुजी?"

"पन्नास वर्षं पाणी कोपरापर्यंत ओघळतंय."

सर्व उरकले की पडद्याच्या तळाशी एकूण नोंदींचा आकडा उमटे. पंचांग पाहावे तसा मी तो रोज पाही. ४११२.

दसऱ्याला रफीकच्या आग्रहावरून मी कोशाचे चार खंड चार फ्लॉप्यांवर उतरवले, आणि सरस्वतीपूजनाच्या पाटावर ठेवून त्यांना गंध, अक्षता व कुंकू वाहिले. आमच्या घरात ग्रंथाची नवी प्रत पूजेवाचून कपाटात गेलेली नाही.

कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे आकडा ४१०९ झाला.

तीन शब्द कमी झाले होते. सगळा कोश आठवणीने पडताळून कोणते ते शोधायला मला पाऊण दिवस लागला. एक होता द्रोणपुष्पी, म्हणजे कुंभा. गुरुजींनी तो का काढला असेल, याचा मी विचार करू लागलो. दोन दिवसांनी मला कारण सापडले. ते नाव दुसऱ्या एका रोपालाही लावतात. म्हणजे आपली नोंद संदिग्ध होती. केवढी ही सूक्ष्म दृष्टी, असे म्हणून मी मनोमन नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात अकरा शब्द गेले, त्यापुढच्या आठवड्यात एकतीस. प्रत्येकासाठी मी कारण शोधले आणि प्रत्येकासाठी मला ते मिळाले. ऋतू चुकलेला असे, गावाचे नाव अपुरे असे, आधार देणारा माणूस परगावचा असे. सव्वीस वर्षांच्या आपल्याच कामात मी दोष काढीत बसलो होतो, आणि दोष सापडला की मला सुटल्यासारखे वाटे; गेलेला शब्द मी कुठे टिपून ठेवला नाही. रफीक एकदा बिघाड पाहायला आला तेव्हा तो आकड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, हे रोज उतरतंय."

"गुरुजी शेवटचा हात फिरवताहेत. मूर्ती घडवताना दगड कमीच व्हायचा."

"दगड संपला तर?"

"तू आपलं ते मोडेम बघ."

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी आकडा ३८७१ होता. त्या दिवशी गेलेला शब्द शोधायला मला वेळ लागला नाही. तुळस गेली होती.

खिडकीतून आमचे वृंदावन दिसत होते. पत्नीचे नुकतेच पाणी घालून झाले होते आणि दगडावरून थेंब ओघळत होते. मी पडद्याकडे पाहिले, बाहेर पाहिले. तुळस का काढली असावी याचे कारण शोधण्याचा त्या सकाळीसुद्धा मी थोडा वेळ प्रयत्न केला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण केला.

मग मी तुळशीची नोंद नव्याने लिहून भर म्हणून पाठवली. दुसऱ्या पहाटे ती परत आली. तिच्यापुढे गुरुजींनी एकच शब्द लिहिला होता : आधार? मी आमच्या शेजारच्या आजींचे नाव घालून ती पुन्हा पाठवली. तिसऱ्या पहाटे उत्तर आले : ऐकिवात नाही.

मी मेजाखाली वाकलो आणि टेलिफोनची तार उपटली. मग ती पुन्हा टेलिफोनला जोडून नागपूरला दूरध्वनी केला. मृणालने उचलला.

"वामनदादा? एवढ्या सकाळी?"

"गुरुजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत की. आता बसलेत कॉम्प्युटरवर. साडेपाचपासून आठपर्यंत हलत नाहीत. का हो?"

"मृणाल, तुमच्या अंगणात तुळस आहे?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"परवा बाबांनी मला विचारलं," ती हळू म्हणाली, "ही कुंडी कुणाची आहे म्हणून. मी म्हटलं, बाबा, तुळस. तर म्हणाले, छान वास आहे. दिवाळीपासून चाललंय, दादा. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, याच्यावर उपाय असा नाही. पण काम करताहेत ना, मग ते मोडू नका. काम सुटलं की झपाट्यानं उतरतील. म्हणून मी... मला वाटलं, निदान तेवढे अडीच तास तरी ते नीट असतात."

त्या अडीच तासांत ते काय करीत होते, हे मी तिला त्या वेळी सांगू शकलो नाही. जो शब्द आठवत नाही त्याच्याखाली ते आधार शोधीत होते. आधार नसला की दंडकाप्रमाणे तो काढीत होते. आणि पाच वाजता त्यांचे यंत्र, साडेपाचला माझे यंत्र, त्यांचे विस्मरण जसेच्या तसे उतरवून घेत होते. मधे कुणी काही विचारायचे नाही, अशी माझीच आज्ञा होती.

रफीक धावत आला. मी फ्लॉप्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवला. पहिली उघडली. दुसरी उघडली. तिसरी आत घालताच यंत्राने खरखर केली आणि ती बाहेर टाकली. त्याने तिचे लोखंडी झाकण सरकवून पाहिले. आत तांबडी पूड होती.

"सर, फ्लॉपीला कुंकू?"

त्याने फुंकर मारली, कापसाने पुसले, पुन्हा घालून पाहिले. तासाभराने त्याने ती माझ्या हातात दिली आणि आपले बोट रुमालाला पुसत राहिला.

तिसरा खंड प पासून म पर्यंतचा होता. त्यातले त्रेसष्ट शब्द गेले होते. बाकीचे खंड दसऱ्याच्या प्रतीवरून पुन्हा उभे राहिले. या त्रेसष्टांसाठी मी वहीत आमच्या प्रवासांची गावे क्रमाने मांडली आणि प्रत्येक गावात मनाने पुन्हा हिंडलो. चव्वेचाळीस आठवले. एकोणीस आठवले नाहीत. ते कोणते होते हेही मला ठाऊक नाही. छापील कोशात आज चार हजार त्र्याण्णव शब्द आहेत, आणि वाचकांपैकी कुणालाही काही उणे वाटलेले नाही.

"आता असं करा," रफीक म्हणाला. "नागपूरच्या मशीनवर तीच ओळ आहे. तिच्यातली दोन नावं उलटी करायची. इथली मी करतो. मग तुमची प्रत खरी. गुरुजींनी काहीही काढू दे, पहाटे तुमची जाऊन त्यावर बसेल."

"आणि त्यांना कळेल?"

"लाईन लागली की आपोआपच आहे, सर. आजवर तुम्हाला कळत होतं का?"

कोश असा पुन्हा उभा राहिल्यावर मी महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. नागपूरला पोहोचलो तेव्हा तिसरा प्रहर होता. गुरुजी व्हरांड्यात उन्हाला बसले होते. मी साष्टांग नमस्कार घातला.

"ये, वामना. उठ. गुडघा धरला असेल तुझा. मिरजेहून एवढ्या लांब आलास, कोश पुरा झाला म्हणायचा."

"होत आला, गुरुजी."

"होत आला, होत आला! लग्नाच्या वयाची पोरगी असती तर एव्हाना नातवंडं झाली असती." ते खळखळून हसले. मग मृणालला हाक मारून म्हणाले, "याला चहा दे गं. साखर जास्त घाल. पाठ म्हणताना हा नेहमी शेवटचं अक्षर गिळायचा. गोड मिळालं की गिळत नसे."

मला वाटले, सारे खोटे आहे. डॉक्टर खोटे, आकडा खोटा. स्वयंपाकघरात मृणालला मी तसे म्हणालोही.

"संध्याकाळ चांगली असते," ती चहा गाळत म्हणाली. "सकाळी बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो. स्नान करून, भस्म लावून ते संगणकासमोर बसले होते. चष्मा कपाळावर सारून त्यांनी एक नोंद वाचली. पुन्हा वाचली.

"निंब," ते म्हणाले. "कडुनिंब. वामना, हा शब्द तू ऐकलास?"

"ऐकलाय, गुरुजी."

"कुठे?"

"आपण पाडव्याला त्याची पानं खातो."

"आपण? कोण आपण?"

"आपल्याच तोंडून ऐकलाय. आपणच मला लिहून घ्यायला सांगितलंत."

"मी?" त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा संशय आला. "मला आठवत नाही. जे मला आठवत नाही ते मी म्हटलेलं नाही. आणि म्हटलं असलं, तरी माझ्याच कोशाला माझा आधार चालेल का? सांग. चालेल का?"

मी मान खाली घातली. पन्नास वर्षांत त्यांच्याशी वाद करण्याची विद्या मी शिकलो नव्हतो. हात पुढे करून त्यांचे बोट धरणे एवढेच उरले होते, आणि तेही मला जमले नाही. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी उचलली, कळ शोधली आणि दाबली. कडुनिंब गेला. खिडकीबाहेर त्याच झाडाची फांदी गजाला टेकली होती.

आठ वाजेपर्यंत त्यांनी चौदा शब्द काढले. एकेक काढताना ते समाधानाने "हं" म्हणत. माझ्यासमोर इतक्या निष्ठेने काम करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ते जेवून पडले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीपाशी गेलो. त्या आसनावर मी कधी बसलो नव्हतो. आधी आसनाला हात लावून तो मस्तकाला लावला, मग उभ्यानेच रफीकने लिहून दिलेला कागद काढला. ओळ सापडली. खांबेटे, मग तेलंग. एवढी वर्षे मी शेकडो कागदांवर ही दोन नावे लिहिली होती. माझे नाव त्यांच्या नावाआधी एकदाही लिहिले नव्हते. दारात मृणाल उभी होती.

"दादा, यानं त्यांना काही..."

"काही होणार नाही. ते काम करतील. फक्त केलेलं काम टिकणार नाही."

ती पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. "रोज?"

"रोज."

मी दोन नावे खोडली आणि उलट क्रमाने लिहिली. तेलंग, मग खांबेटे. मिरजेला रफीकने तेच केले, आणि वेळाही उलट्या लावल्या. माझी प्रत पाचला निघणार होती आणि त्यांची तार साडेपाचला जुळणार होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे घरघर ऐकून मला जाग आली. मी त्यांच्याच खोलीत सतरंजीवर निजलो होतो. आचमन झाले, हुंकार झाला. पडद्याच्या तळाशी आकडा उमटला. ४०९३. काल गेलेला कडुनिंब परत आला होता, तुळस आली होती. गुरुजी स्नान करून आले आणि बसले. मी मागे भिंतीपाशी उभा राहिलो.

त्यांनी पहिल्या खंडापासून वाचायला सुरुवात केली. एका नोंदीपाशी ते थांबले. ओठ हलले. मग त्यांनी मान मागे वळवली.

"अहो," ते म्हणाले.

माझ्यामागून कुणी आले असेल असे वाटून मी दाराकडे पाहिले. खोलीत मीच होतो.

"अहो, जरा इकडे येता का? आपण या कोशावर काम करता ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग हे वाचा." त्यांनी पडद्यावर बोट टेकवले आणि स्वतःच मोठ्याने वाचले. "कुटज. कुडा. ज्येष्ठाच्या तोंडाशी फुलतो. सकाळी दुरून पाहता डोंगराने ओले उपरणे वाळत घातल्यासारखा दिसतो." ते हसू लागले, हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "उपरणं! डोंगराचं उपरणं! अहो, काय नजर आहे ही! हे वाक्य आपलं?"

"नाही."

"मग कुणाचं?"

"माझ्या गुरूंचं. कुंभार्ली घाटात ते मला म्हणाले होते. मी फक्त लिहून घेतलं."

"आणि नाव कुठे आहे त्यांचं?" तो आवाज वाईचा होता, त्याने अध्ययनाच्या ओसरीवर आम्हां सर्वांची मान खाली जात असे. "गुरूचं वाक्य घ्यायचं आणि खाली आधार घालायचा नाही? याला चोरी म्हणतात. बसा इथे."

ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवले.

"लिहा."

मी दोन बोटांनी लिहिले. त्रिविक्रमशास्त्री खांबेटे यांच्या मुखातून.

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते वाकले आणि चष्मा सावरत त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचले. मृणाल चहाचे पेले घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"खांबेटे," ते म्हणाले. "म्हणजे कोकणातले."

"मूळचे गुहागरकडचे."

"हयात आहेत?"

खांद्यावरच्या त्या हाताचे वजन मला आजही जाणवते.

"आहेत," मी म्हणालो.

"भाग्यवान आहात. मला एकदा त्यांची गाठ घालून द्या. कुडा असा पाहणाऱ्या माणसाला विचारण्यासारखं पुष्कळ आहे. माझ्याकडे कितीतरी शब्द पडून आहेत हो, त्यांना कुठेच आधार मिळत नाही."

"देतो," मी म्हणालो.

ते समाधानाने मान हलवून पुन्हा आपल्या जागी बसले. त्या सकाळी त्यांनी सोळा शब्द काढले. कुडा राहिला.